घरात पेस्ट आहे

पंखेवाले सिस्टरांच्या घरी पहिल्यांदा आले ते पायऱ्यांवर बसून, उलटे. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर, गळ्यात हत्यारांची कापडी पिशवी, आणि दोन्ही हातांनी मागची पायरी चाचपत एकेक पायरी वर सरकणारा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मजले तीन, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून घाबऱ्या आवाजात विचारलं, "अहो, पडलात का?" तर म्हणाले, "नाही, चढतोय."

हा सगळा खटाटोप एका कॉम्प्युटरसाठी. जड काम दिलं की बंद पडायचा, एवढंच त्याचं दुखणं. दुसरा एखादा म्हणाला असता, प्लास्टर निघालं की बघू. पण सिस्टरांकडे तेवढे दिवस नव्हते. हे गुरुवारचं, आणि सोमवारी मास्तरांचं ऑपरेशन होतं.

आधी ही माणसं सांगितली पाहिजेत. सिस्टर या नावाच्याच सिस्टर. एका दातांच्या डॉक्टरांकडे त्यांनी एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. पांढरा कोट घातला की लोकांना सगळ्या सिस्टरच. सुरुवातीला त्यांनी दोन वर्षं लोकांना दुरुस्त केलं, मग नाद सोडला. त्यांचे यजमान मास्तर, आणि तेही शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. शेजारच्या सीटवर बसून चाळीस वर्षं ओरडून ओरडून त्यांनी माणसं रस्त्याला लावली. आवाज असा की काचा बंद असल्या तरी चौकातल्या हवालदाराला कळावं, कुणाचा तरी क्लच चुकलाय. नेमकी त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही.

हॉस्पिटलात वाचा-उपचार करणारी एक मुलगी होती, तिने वाट दाखवली. मास्तरांनी आपल्या आवाजात साडेसातशे वाक्यं रेकॉर्ड करायची. घरचा कॉम्प्युटर ती सगळी दळून त्यातून मास्तरांचाच आवाज तयार करणार. पुढे मास्तरांनी टाइप केलं की तो आवाज बोलणार. फक्त दळण ऑपरेशनच्या आधी व्हायला हवं. कारण काही वाक्यं मशीन नापास करतं, आणि ती पुन्हा म्हणायला माणसाला आवाज लागतो. "सोमवारनंतर कळलं तर उपयोग नाही, काकू," ती मुलगी म्हणाली होती. तिच्या केंद्रातल्या मशीनसाठी महिन्याभराची रांग होती. म्हणजे जे व्हायचं ते घरच्याच कॉम्प्युटरवर.

आणि त्याने तर आधीच मान टाकायला सुरुवात केली होती. रेकॉर्डिंगला बसायच्या आधी मुलीने दिलेला नमुना चालवून पाहिला, तेव्हा तो पाच मिनिटांत काळाठिक्कर. औषधाच्या दुकानदाराने सिस्टरांना पंखेवाल्यांचा नंबर दिला. पंखेवाले तेव्हा नुकतेच दुकानातल्या स्टुलावरून पडून घरी बसले होते. त्यांनी फोनवरूनच नाडी पाहिली.

"बंद होतो की बंद पडतो?"

"फरक काय त्यात?"

"बंद होतो म्हणजे सांगूनसवरून, पडद्यावर निरोप देऊन. बंद पडतो म्हणजे बोलता बोलता खटकन जातो."

"खटकन," सिस्टर म्हणाल्या. "साधं पत्र लिहायला घेतलं तर दिवसभर चालतो. जड काम दिलं की जातो."

"मग डोकं तापत असणार. आत प्रोसेसर असतो, तो मशीनचा मेंदू. त्याच्यावर पंखा बसवलेला असतो. दोघांच्या मध्ये पेस्ट लावतात, म्हणजे मेंदूचा ताप पंख्याकडे जातो. जुनी पेस्ट वाळून गेली असेल. तुम्ही असं करा, वीज काढा, पंख्याचे चार स्क्रू सोडा, जुनं सगळं पुसा आणि नवी पेस्ट लावा. पातळ हं. पेस्ट नसेल तर मी पाठवून देतो."

"पेस्ट घरात आहे," सिस्टर म्हणाल्या.

पंखेवाल्यांना फार कौतुक वाटलं. "ज्या घरात पेस्ट आहे तिथे मेकॅनिक कशाला लागतो?" ते म्हणाले. माणूस गमत्या दिसतो, असं सिस्टरांना वाटलं. पेस्ट कुणाच्या घरात नसते?

एकतीस वर्षं बोटाएवढ्या जागेत बारीक हत्यारं हाताळलेला हात तो. अर्ध्या तासात काम झालं आणि नमुना सुरळीत चालला. मग नऊ दिवस मास्तर माइकसमोर बसून घोगऱ्या आवाजात वाक्यं म्हणत राहिले. भाषेतला प्रत्येक आवाज यावा म्हणून ती वाक्यं बनवलेली. अर्थाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. 'ठेंगण्या ठोकळ्यावर ढेकूण ढिम्म बसला.' 'झऱ्याजवळच्या झुडपात घुबड घोरले.' "चाळीस वर्षांत मला कधी ढेकूण म्हणायची वेळ आली नाही," मास्तर म्हणायचे, "आता आवाज चाललाय तर ढेकणांवर चाललाय." नवव्या दिवशी साडेसातशेवं वाक्य झालं. बुधवारी सकाळी सिस्टरांनी दळण लावलं. कॉम्प्युटरचा पंखा भणाणला आणि अकराव्या मिनिटाला खटकन अंधार. पुन्हा लावलं, आठ मिनिटं. पुन्हा लावलं, सहा.

तेव्हा त्यांनी परत फोन केला, आणि या वेळी काम कशाचं आहे तेही सांगितलं. मग पंखेवाले म्हणाले, "उद्या सकाळी येतो."

"अहो, तुमचा पाय?"

"पाय माझाच आहे. मी निघालो की तोही निघेल."

तर असे ते आले. दारातच श्वास घेत बसले, दोन घोट पाणी प्यायले आणि एका पायावर उड्या मारत कॉम्प्युटरच्या टेबलाशी पोचले. सिस्टरांना वाटलं आता खोलतील. पण ते खुर्चीत टेकले, प्लास्टरचा पाय पलंगावर ठेवला आणि म्हणाले, "आधी मला तो बंद पडताना बघू दे."

ही त्यांची रीत. दुखणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हत्याराला हात नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं तर कोणत्या गोष्टीने झालं ते कळत नाही. मग ते मशीन दुरुस्त झालेलं नसतं, नुसतं गप्प बसलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. हे ते फार गंभीरपणे सांगत, आणि समोरच्याला घाई असेल तेव्हा हमखास सांगत.

दळण लावलं. पंखेवाल्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा आणला. साठ, बहात्तर, एकोणनव्वद, सत्त्याण्णव, आणि अंधार. मग त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं, घरातला टेबलफॅन त्याच्या पोटात वारा जाईल असा लावला, आणि तेच काम पुन्हा दिलं. आता अकरा मिनिटं टिकला. "म्हणजे तापच," ते म्हणाले. "वाऱ्याने आराम पडतो ना, मग तापच. बघू तुमची पेस्ट."

त्यांनी स्क्रू सोडले आणि पंखा अलगद उचलला. खाली पांढरीशुभ्र, कडक, भेगा पडलेली खपली होती. पंखेवाल्यांनी ती नखाने टोकरली, नाकाशी नेली, परत नेली.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "याला पुदिन्याचा वास कसा येतोय?"

सिस्टरांनी न्हाणीघरातून ट्यूब आणून दाखवली. दात घासायची. डॉक्टरांकडे असताना दिवसाला वीस जणांना त्या सांगत, पेस्ट ही लावा, पेस्ट ती लावू नका. पेस्ट म्हटल्यावर दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं.

पंखेवाले ट्यूबकडे बघत राहिले. सिस्टर मात्र मटकन पलंगावर बसल्या. हॉस्पिटल, रांगा, रिपोर्ट, सगळ्यांत टिकून राहिलेलं अवसान त्या एका क्षणात गेलं. आपण स्वतःच्या हाताने नवऱ्याचा आवाज घालवला, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. "मी अडाणी," त्या म्हणाल्या. "एवढं विचारायला काय झालं होतं मला?"

"अडाणी मी," पंखेवाले म्हणाले. "पेस्ट म्हणालो मी. कोणती ते नाही म्हणालो. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगतो, अंदाजावर जाऊ नका, आणि तुम्ही घरात आहे म्हणालात तर मी खूश. आणि एक सांगतो, ओली असेपर्यंत ही काम करते. म्हणून तर तुमचे नऊ दिवस निघाले. मग वाळली, बिचारी. पण इतकी एकसारखी लावलेली पेस्ट मी माझ्या जन्मात पाहिली नाही. अशी मला लावता येत नाही."

आतल्या खोलीतून मास्तरांचा घोगरा आवाज आला. "काय झालं गं?"

"काही नाही. मशीनचे दात स्वच्छ निघाले," सिस्टर म्हणाल्या, आणि डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं.

ती खपली काढायचं काम सिस्टरांनीच केलं. पंखेवाल्यांच्या बोटांना आता थोडा कंप होता, ते त्यांनी लपवलंही नाही. सिस्टरांनी कपाटातून प्लास्टिकचं बारीक खरवडणं आणि स्पिरिट काढलं, चष्मा चढवला, आणि लोकांच्या दातांवरचे थर निघताना इतकी वर्षं जसे पाहिले होते तशी एकेक खपली सुटी केली. पंखेवाले बाजूने दिवा धरून बसले होते. मग त्यांनी पिशवीतून करड्या रंगाची खरी पेस्ट काढली आणि तांदळाच्या दाण्याएवढी मधोमध ठेवली. पंखा बसवला, दळण लावलं. आकडा सहासष्टला जाऊन थांबला आणि तिथेच राहिला.

आता नुसतं बसून राहायचं होतं. चहा झाला. तेव्हा सिस्टरांनी विचारलं, पंखेवाले हे नाव कसं पडलं.

नाव खरंच पंख्यांवरून होतं. कॉम्प्युटरच्या आधी ते जळालेले पंखे दुरुस्त करत. तांब्याची तार गुंडाळायची, वेढे मोजून. एक वेढा कमीजास्त झाला तरी पंखा कुरकुरतो. ते गुंडाळायचे आणि बायको शेजारी बसून मोठ्याने मोजायची. मध्ये कुणी गिऱ्हाईक येऊन बोललं की मोजणी चुकायची, आणि ती त्या गिऱ्हाइकाला असं काही सुनवायची की तो पुढच्या वेळी दारातूनच खुणा करायचा. पुढे पंखे स्वस्त झाले, जळाला की लोक नवा घेऊ लागले. मग त्रेचाळिसाव्या वर्षी पंखेवाले कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन बसले. तिथला शिकवणारा त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान. घरी आल्यावर बायको त्यांच्याकडून धडा म्हणून घ्यायची.

"ती जाऊन सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "फोटो आहेत. साड्या आहेत. तिने मोजलेला एक टेबलफॅन आहे, अजून फिरतो. पण आवाज कुठेच नाही हो. कॅसेट नाही, फोनमध्ये नाही, काही नाही. कधीकधी कानात आणायला बघतो, तर मोजणी आठवते आणि आवाज आठवत नाही. म्हणून काल तुम्ही काम कशाचं ते सांगितलंत आणि मला घरी बसवेना."

सिस्टरांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. आणि तेवढ्यात खटकन अंधार झाला.

तापमान तर सहासष्टच होतं. एक तास दहा मिनिटं चालून मशीन पुन्हा मेलं होतं, आणि या वेळी दोष द्यायला पेस्टही नव्हती. सिस्टर उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मास्तर बाहेर आले. त्यांनी मशीनकडे पाहिलं, पंखेवाल्यांकडे पाहिलं, आणि शिकाऊ ड्रायव्हरला म्हणायचे तसं म्हणाले, "घाबरू नका. गाडी बंद पडली तर परत चालू करतात."

"एक चोर सापडला म्हणून मी दिवा मालवून झोपलो," पंखेवाले म्हणाले. "घरात दुसराही असू शकतो. चालू करा. आणि आता कुणी बोलू नका."

मशीन सुरू झालं. पंखेवाल्यांनी डोळे मिटले, मान कलती केली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "यात पंखे किती?"

सिस्टर दारात आल्या. "मी काय सांगणार?"

"तीन असतात. एक मेंदूवर, एक मागच्या भिंतीला, एक एसएमपीएसमध्ये. तो पत्र्याचा डबा, भिंतीतली वीज मशीनला पचेल एवढी करून देतो तो. तीन पंखे आहेत आणि मला दोनच ऐकू येतात."

त्यांनी वर्तमानपत्राची बोटभर पट्टी फाडली आणि मागच्या भिंतीवरच्या पंख्यासमोर धरली. पट्टी फडफडली. मग ती त्या डब्याच्या जाळीसमोर धरली. पट्टी सरळ लोंबत राहिली. त्यांनी डब्यावर तळहात टेकवला आणि लगेच उचलला. आतला पंखा धुळीने जाम होऊन केव्हाचा बसला होता. हलक्या कामाला डबा तग धरायचा. जड काम आलं की तापत तापत तासाभरात स्वतःला वाचवायला वीज तोडायचा. पेस्टच्या भानगडीत त्याचा गुन्हा झाकला गेला होता.

पंखेवाल्यांनी पिशवीतून दुसरा डबा काढला. स्वच्छ पुसलेला, पण नवा नव्हे. सिस्टरांनी विचारलंच, हा कुठला. "माझ्या दुकानातल्या मशीनचा," ते म्हणाले. "मी बसून आहे तोवर ते तरी उभं राहून काय करणार?" वायरी एकेक करून या डब्याला जोडताना ते प्रत्येकीचं नाव घेत होते, पाढे म्हणावेत तसे.

दुपारी एकला दळण पुन्हा लागलं. पंखेवाले गेले नाहीत. त्यांनी जेवण तिथेच केलं, खुर्चीत डुलकी काढली, आणि दर अर्ध्या तासाने जाग आली की कान देऊन तीन पंखे मोजले. संध्याकाळी साडेसातला पडद्यावर यादी आली. साडेसातशेपैकी एकोणसाठ वाक्यं नापास. मुलीला फोन लावून त्यातली काही ऐकवली, तिने सांगितलं, मागे कॉम्प्युटरचा पंखा भणभणतोय. पेस्ट वाळत आलेल्या शेवटच्या दोन दिवसांतली ती वाक्यं होती. आता मशीन गार होतं, पंखा कुजबुजल्यासारखा चालत होता, आणि मास्तरांचा आवाज अजून चार दिवस त्यांच्याजवळ होता. ढेकूण परत म्हणावा लागणार म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला.

शुक्रवार आणि शनिवारी मास्तर ती एकोणसाठ वाक्यं म्हणत राहिले. मधूनमधून घसा बसायचा, मग कोमट पाणी, मग पुन्हा. रविवारी दळण परत लागलं आणि एकही वाक्य नापास झालं नाही. सोमवारी सकाळी ऑपरेशनला आत जाताना मास्तर सिस्टरांना म्हणाले, "हॅंडब्रेक ओढून ठेव, येतोच." तेवढंच म्हणाले.

मास्तर घरी आले ते तीन आठवड्यांनी, गळ्याला पट्टी बांधून. अशक्तपणा फार. आणखी दहा दिवस त्यांनी की-बोर्डला हात लावला नाही. हवं नको ते बोटाने दाखवायचे. मग एका सकाळी चहाचा कप समोर आला, मास्तरांनी एक घोट घेतला, कप ठेवला, आणि खुर्ची पुढे ओढून दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत टाइप करायला लागले. चांगली तीन मिनिटं गेली.

"चहात साखर कमी आहे," खोलीत मास्तरांचा आवाज म्हणाला.

ऑपरेशनच्या आधीचा, थोडासा घोगरा. पण कुरकूर चाळीस वर्षांची, तीच. सिस्टर उभ्या होत्या त्या खाली बसल्या आणि मोकळेपणी रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी पंखेवाल्यांना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. आभाराचं एकच वाक्य त्या तीनदा म्हणाल्या. मग पंखेवाल्यांनी विचारलं.

"बोलताना बंद नाही ना पडला?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "त्यांना रोज बोलायला लावा, सिस्टर. काहीही बोलू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी चहा केला. साखरेचा डबा हाताशीच होता, तरी त्यांनी साखर कमीच घातली, आणि कप मास्तरांसमोर ठेवून गुमान समोर बसून राहिल्या.